टेबल दोघांचं, मेन्यू इटालियन

मित्र किंवा मैत्रिणीसोबत एखाद्या उंची इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाणं, हा या वेळच्या प्रश्नोत्तरांचा विषय. काही पत्रं इटलीच्या प्रवासाला निघालेल्यांची आहेत, काही मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलांविषयी. बहुतेक पत्रांतल्या अडचणीचं मूळ एकच दिसलं. जे टेबल राखताना विचारायला हवं, ते ताट समोर आल्यावर विचारलं जातं.

प्रश्न : आम्ही दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी ऑक्टोबरमध्ये इटलीला जातोय. फ्लोरेन्समध्ये एका रात्री जरा भारी ठिकाणी जेवायचंय. मेन्यूत पाच-पाच विभाग दिसतात. प्रत्येकातून काहीतरी मागवावंच लागतं का? आमची भूक बेताची आहे. (ठाणे)

मुळीच नाही. ते विभाग म्हणजे पदार्थ वाढण्याचा क्रम आहे. आन्तिपास्ती म्हणजे सुरुवातीचे पदार्थ. प्रीमीत पास्ता, रिसोट्टो (रस्स्यात शिजवलेला भात) आणि सूप येतं. सेकोन्दीत मांस-मासे, कोन्तोर्नीत सोबतच्या भाज्या आणि दोल्चीत गोड. हे पाचही टप्पे तिथली माणसं लग्नाकार्यात किंवा सणाच्या जेवणात घेतात, एरवी नाही. मात्र उंची ठिकाणी दोघींत मिळून एक पास्ता मागवून दोन तास टेबल अडवलं, तर वाढपी नाराज होतो आणि त्याचं फार चुकतं असंही नाही. माणशी साधारण दोन पदार्थ हा चांगला हिशेब.

बेताच्या भुकेच्या दोघींनी एक आन्तिपास्तो मध्ये घ्यावा, प्रत्येकीला एकेक प्रीमो, मग एक सेकोन्दो आणि एक कोन्तोर्नो दोघींत, शेवटी एक गोड आणि दोन चमचे. प्रीमोचं प्रमाण आपल्याकडच्या कॅफेतल्या पास्त्याच्या निम्मंच असतं : सुका पास्ता साधारण ८० ग्रॅम, ताजा १०० ते १२० ग्रॅम, रिसोट्टोसाठी तांदूळ ७० ते ८० ग्रॅम. त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

वाटून घ्यायचं असेल तर ते मागवतानाच सांगा. ‘दा कोन्दिवीदेरे’ म्हटलं की मध्ये ठेवतात, ‘इन दुए पियात्ती’ म्हटलं की स्वयंपाकघरातूनच दोन ताटल्यांत विभागून येतं. दुसरा पर्याय जास्त चांगला. तिथे पदार्थ बाउलमध्ये न येता ताटलीत मांडूनच येतो, आणि टेबलावर ताटल्यांची अदलाबदल करेपर्यंत पास्ता थंड होऊन चिकटतो.

मेन्यूतल्या तीन गोष्टी आधी वाचून ठेवा. एक, रिसोट्टोसमोर बहुधा ‘किमान दोघांसाठी’ असं लिहिलेलं असतं. तो मागणीनंतर शिजतो, छोट्या पातेल्यात एकाचाच नीट जमत नाही. दोन, ‘देगुस्तात्सिओने’ म्हणजे शेफनं ठरवलेले पाच ते आठ छोटे पदार्थ. हा मेन्यू बहुतेक ठिकाणी संपूर्ण टेबलानं घ्यावा लागतो. एकीनं तो घ्यायचा आणि दुसरीनं नुसतं सूप, असं चालत नाही, कारण पदार्थ ठरावीक अंतरानं दोघींसमोर एकदम यायचे असतात. तीन, किमतीपुढे ‘एत्तो’ दिसलं तर थांबा. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. फ्लोरेन्सची प्रसिद्ध बिस्तेक्का, म्हणजे हाडासकटचा मांसाचा जाड तुकडा, आणि अख्खा मासा असाच विकला जातो. समजा एत्तोला ७ युरो भाव आहे आणि बिस्तेक्का १ किलो २०० ग्रॅमची निघाली, तर ८४ युरो झाले. हे वजन कच्च्याचं, हाडासकट असतं. मासाही डोक्याकाट्यासकट तोलतात. ‘आधी दाखवा आणि वजन सांगा’ हे म्हणायला अजिबात लाजू नका, तिथली माणसंही म्हणतात.

बिस्तेक्का म्हणजे गोमांस, हे वेगळं सांगायला हवं. तुम्ही खात नसाल तर मान्झो, वितेल्लो, कियानिना आणि ब्रेसाओला हे शब्द ओळखून ठेवा. रागू या मांसाच्या सॉसमध्ये बहुतेकदा गाय आणि डुक्कर दोन्ही असतात. फ्लोरेन्समध्ये सुरुवातीला मिळणाऱ्या काळपट टोस्टवर कोंबडीच्या काळजाचं वाटण असतं. आणि बिस्तेक्का खात असाल तर ती आतून लालच येणार. पूर्ण शिजवून मागितली तर बरेच शेफ सरळ नकार देतात. तीन-चार बोटं जाडीचा तो तुकडा आतपर्यंत शिजवला तर बाहेरून चामडं होतो, म्हणून.

सेकोन्दो ताटलीत एकटा येतो, भाजी-बटाटा हवा तर कोन्तोर्नीतून वेगळा मागवायचा. आणि बिल मागितल्याशिवाय येत नाही. तासभर वाट बघून ‘आमच्याकडे दुर्लक्ष केलं’ म्हणून चिडू नका. न मागता बिल आणणं म्हणजे पाहुण्याला उठवणं, असं तिथे मानतात.

प्रश्न : माझी मैत्रीण पक्की शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. इटालियन म्हणजे पास्ता-चीज, त्यामुळे काळजी नाही असं सगळे म्हणतात. खरं आहे का? (पुणे)

अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच फसगत होते.

आधी चीज. पार्मिजानो रेज्जानो या नावानं विकलं जाणारं चीज नियमानुसार वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं द्रव्य, घालूनच करावं लागतं. त्याला शाकाहारी पर्याय नाही. ग्राना पादानोतही प्राणिज रेनेट असतं, शिवाय बहुधा अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेलं लायसोझाइम हे द्रव्यही. पेकोरीनो रोमानोत कोकराचं रेनेट. गोर्गोन्झोला आणि कांपानियाची म्हशीच्या दुधाची मोझरेला, दोन्हींत वासराचं. रिकोत्ता निवळीपासून करतात, पण ती निवळी बहुधा रेनेटनं फाटलेल्या दुधाची असते. मास्कारपोने मात्र आम्ल घालून करतात, त्यात रेनेट नसतं. मैत्रीण रेनेटही टाळते का, हे तिलाच आधी विचारा. बरेच शाकाहारी लोक ते चालवून घेतात आणि मग यादी खूप सोपी होते. टाळत असेल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, एवढं म्हणायचं. एरवी पेस्तोत, भरलेल्या पास्त्यात, रिसोट्टोच्या शेवटच्या घोटणीत चीज गृहीतच असतं.

दुसरा सापळा रस्स्याचा. मेन्यूत ‘मशरूम रिसोट्टो’ लिहिलेला असतो, पण तो कोंबडीच्या किंवा गाईच्या हाडांच्या पाण्यात शिजलेला असतो. मिलानच्या केशरी रिसोट्टोत तर परंपरेनं हाडातला मगज घालतात. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सुपातही डुकराच्या चरबीचे तुकडे सापडू शकतात.

तिसरा अँचोव्हीचा, म्हणजे खारवलेल्या छोट्या माशाचा. मेन्यूत त्याला आच्चुगे किंवा आलीची म्हणतात. तो सॉसमध्ये विरघळून जातो, दिसत नाही. पुत्तानेस्का या टोमॅटोच्या सॉसमध्ये असतो, पिएमोन्ते प्रदेशाच्या बान्या काउदा या सॉसमध्ये असतो. रोममध्ये भोपळ्याच्या जातीच्या फुलांची कुरकुरीत भजी मिळतात. पाहून घरच्यासारखं वाटतं, पण आत मोझरेलासोबत अँचोव्ही भरलेला असतो.

अंड्याचं म्हणाल तर ताजा, पिवळसर पास्ता (ताल्यातेल्ले, तोर्तेल्लीनी, रावियोली) अंड्यातच मळतात. सुका पास्ता रवा आणि पाण्याचा. तोस्कानाचे जाड पीची आणि पुल्याचे ओरेक्येत्ते ताजे असूनही परंपरेनं बिनअंड्याचे. तिरामिसू या गोड पदार्थात कच्चं अंडं असतं आणि त्यातल्या बिस्किटांतही अंडं असतं. पाना कोटा या सायीच्या थिजवलेल्या गोडात अंडं नसतं, पण जिलेटिन असतं, आणि ते युरोपात बहुतेकदा डुकराचं. शेवटी गोड हवं असेल तर फळांचं सोर्बेत्तो घ्यावं. त्यातही कुठे कुठे अंड्याचा पांढरा फेटून घालतात, तेवढं विचारा.

मग खायचं काय? फ्लोरेन्समध्ये पीची आल्याओने, म्हणजे टोमॅटो आणि मोठ्या पाकळ्यांचा लसूण घातलेला पास्ता. पाप्पा अल पोमोदोरो हे पाव-टोमॅटोचं घट्ट सूप, रस्सा कशाचा हे विचारून. सेज आणि टोमॅटोतले पांढरे घेवडे. दक्षिणेकडे कापोनाता, म्हणजे वांग्याची आंबटगोड भाजी. ऑलिव्ह तेलात परतलेल्या पालेभाज्या तर कोन्तोर्नीत सर्वत्र मिळतात.

टेबल राखताना हे वाक्य लिहून पाठवा : ‘सोनो वेजेतारियाना, निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते ब्रोदो दी कार्ने, निएन्ते उओवा.’ म्हणजे : मी शाकाहारी आहे, मांस नको, मासे नको, मांसाचा रस्सा नको, अंडं नको. पुरुष असेल तर दुसरा शब्द वेजेतारियानो. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं की मांसाचा तुकडा टाळतात, रस्सा आणि अंडं टाळत नाहीत. वाक्याचे शेवटचे दोन तुकडे त्यांच्यासाठी आहेत. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यासारखी खूण तिथे नसते. असतात ते युरोपीय नियमानुसार जाहीर करावे लागणारे १४ ॲलर्जीकारक घटक, बऱ्याचदा आकड्यांत. त्यांत अंडं आणि मासे येतात, मांस येत नाही. म्हणजे अँचोव्ही तिथे पकडला जाईल, डुकराची चरबी नाही.

प्रश्न : आणि जैन असेल तर? कांदा-लसूण-बटाटा काहीच नको. (कोल्हापूर)

आदल्या दिवशी कळवलंत तर जमतं, ऐन वेळी नाही. कारण बहुतेक सॉसची सुरुवात कांदा, गाजर आणि सेलरीच्या बारीक फोडणीनं होते आणि ती सकाळीच पातेलंभर करून ठेवलेली असते. ऐन वेळी त्यातून कांदा काढणार कसा? ताज्या टोमॅटोचा, बेझिल आणि ऑलिव्ह तेलाचा सुका पास्ता मात्र दहा-बारा मिनिटांत नव्यानं होतो. तोच मागा. न्योक्की बटाट्याचे असतात, ते नकोत. पोलेन्ता मक्याचा असतो, तो चालेल, फक्त दूध-लोण्यापलीकडे त्यात काय आहे ते विचारा. मुंबई-पुण्यातल्या इटालियन रेस्टॉरंटांना हे नवं नाही, तिथे बहुतेक ठिकाणी जैन सॉस वेगळा करून देतात.

प्रश्न : मुंबईत एका मोठ्या हॉटेलात रिसोट्टो मागवला. भात कच्चा आणि वर पातळ. मैत्रीण म्हणाली, असाच असतो. आम्ही परत पाठवायला हवा होता का? (मुलुंड)

पातळ असणं बरोबर. ताटली हलवली की रिसोट्टो लाटेसारखा पसरायला हवा, डोंगर होऊन बसला तर तो बिघडला. कच्चा होता की नाही हे दाताखाली कळतं. दाणा मध्ये किंचित प्रतिकार करतो पण पिठूळ लागत नाही, तर तो बरोबर शिजलाय. दाणा चावल्यावर खडूसारखा भुकटा होतो आणि दाढेत बसतो, तर तो कच्चा आहे. असा रिसोट्टो जरूर परत पाठवा. आपल्याला मऊ भाताची सवय असल्यानं या दोन्हींत गल्लत होते.

रिसोट्टोला कार्नारोली, आर्बोरिओ किंवा व्हिआलोने नानो तांदूळ लागतो. कार्नारोलीला साधारण १६ ते १८ मिनिटं. त्यात स्टार्चचा अमायलोज हा भाग जास्त, म्हणून बाहेरून साय सुटली तरी दाणा आतून टिकतो. तांदूळ कोरडा परततात, वाइन आटवतात, मग उकळता रस्सा पळी-पळीनं घालतात. आचेवरून उतरवल्यावर थंड लोणी आणि चीज घालून जोरात घोटतात, दाटपणा त्यातून येतो. मोठ्या हॉटेलांत गर्दीच्या वेळी तांदूळ आधीच दोन-तृतीयांश शिजवून, ताटात पसरून थंड करून ठेवतात आणि मागणी आली की पुढची सहा-सात मिनिटं शिजवतात. यात गैर काही नाही. बिघडतं ते शेवटी. घाईत मिनिटं कमी पडली की दाणा कच्चा राहतो आणि ते लपवायला क्रीम ओततात. क्रीमनं जिभेवर तवंग येतो, तो ओळखू येतो. उलट, ताटली वाढप्याची वाट बघत पाच मिनिटं उभी राहिली की रिसोट्टो घट्ट गोळा होतो.

ताटलीही सपाट हवी, खोलगट बाउल नको. मिलानचे शेफ ग्वाल्तिएरो मार्केझी यांनी १९८१ मध्ये केशरी रिसोट्टोवर सोन्याचा वर्ख ठेवून तो वाढला, आणि तो पदार्थ आजही शिकवला जातो. सोनं चवीला काहीच नसतं. पण वर्ख सपाट राहायचा तर खालचा रिसोट्टो अगदी नेमका पसरलेला लागतो.

आणखी एक. मागणीनंतर पाच मिनिटांत रिसोट्टो आला तर तो ताजा शिजवलेला असूच शकत नाही.

प्रश्न : इटलीत बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून जास्तीचे पैसे लावतात. ही पर्यटकांची लूट आहे का? आणि आम्हा दोघांचं टीटीएमएम असतं, ते तिथे जमेल का? (नाशिक)

लूट नाही, जुनी पद्धत आहे. कोपेर्तो म्हणजे पाव, टेबलावरचं कापड, काटे-चमचे यांचे माणशी ठरलेले पैसे. साध्या ठिकाणी २-३ युरो, उंची ठिकाणी ५ किंवा अधिक. तो मेन्यूवर छापलेला असला पाहिजे. नसेल तर नाकारता येतो. रोम ज्या लात्सिओ प्रदेशात आहे तिथे २००६ च्या प्रादेशिक कायद्यानं कोपेर्तो बंद केला, म्हणून तिथे बिलात ‘पाने’, म्हणजे पाव, असा आकडा दिसतो. पाव नको असेल तर तो आल्याबरोबर परत पाठवा, मग पैसे द्यायचं कारण नाही.

‘सेर्वित्सिओ’ वेगळा. तो १० ते १५ टक्के असतो आणि सगळीकडे नसतो. तो लावलेला असेल तर टीप द्यायची नाही. नसेल तरी टीपेची सक्ती नाही. वाढप्यानं मनापासून केलं असेल तर दोघांत मिळून ५-१० युरो रोख ठेवणं पुरेसं. मेन्यूतल्या किमतीत कर आधीच धरलेला असतो, वरून काही लागत नाही.

टीटीएमएम जमतं, पण निम्मं-निम्मं केलं तर. ‘अर्धे या कार्डावर, अर्धे त्या कार्डावर’ हे कुणीही करून देतं. ‘वाइन त्याची, मासा माझा’ असं पदार्थवार बिल फोडायला लावणं मात्र उंची ठिकाणी कंटाळवाणं मानतात. तो हिशेब हॉटेलवर जाऊन करा. ३० जून २०२२ पासून कार्ड नाकारणाऱ्या व्यावसायिकाला इटलीत दंड आहे, त्यामुळे ‘मशीन बंद आहे’ हे लगेच मानून घेऊ नका. मशीननं रुपये की युरो विचारलं तर युरोच निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर मशीनवाली कंपनी लावते आणि तो जवळजवळ नेहमी महाग पडतो.

प्रश्न : आणि मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात सेवा शुल्क द्यावंच लागतं का? (दादर)

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. बिलातून काढायला सांगा. जीएसटी मात्र द्यावाच लागतो : स्वतंत्र रेस्टॉरंटात ५ टक्के, महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात १८ टक्के. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, म्हणून बिलात दोन वेगळे हिशेब दिसतात. दोघांचं जेवण कुठे घ्यायचं हे ठरवताना हा तेरा टक्क्यांचा फरक लक्षात असू द्या.

प्रश्न : मित्र वाइन पितो, मी पीत नाही. अख्खी बाटली मागवावी लागते का? आणि तो वाढपी बाटली दाखवतो, थोडीशी ओततो, तेव्हा नेमकं करायचं काय? (डोंबिवली)

बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे साधारण पाच ग्लास. एकट्या मित्रासाठी ती जास्तच. ग्लासवर मिळणाऱ्या वाइनची वेगळी यादी असते, कुठे कुठे ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटलीही असते. यादी पाहून गोंधळ झाला तर मित्रानं परवडणाऱ्या किमतीवर बोट ठेवून ‘या आसपासचं काही सुचवा’ म्हणावं. आकडा मोठ्यानं उच्चारावा लागत नाही आणि वाइन सांभाळणाऱ्याला हवं ते कळतं.

त्या भागात त्या भागाची वाइन घ्यावी. फ्लोरेन्सच्या आसपास कियान्ती क्लासिको, बाटलीवर काळा कोंबडा, किमान ८० टक्के सान्जोवेझे द्राक्ष. त्याच द्राक्षाची, पूर्ण शंभर टक्के, ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चीनो. ती काढणीनंतर पाचव्या वर्षी बाजारात येते, किंमतही तशीच. पिएमोन्तेत नेब्बिओलो द्राक्षाची बारोलो, किमान ३८ महिने मुरवलेली. रोजच्या पास्त्यासाठी बारोलोची गरज नाही, आणि टोमॅटोच्या सॉससोबत ती चांगलीही लागत नाही.

वाढपी बाटली दाखवतो तेव्हा नाव आणि वर्ष मागवलं तेच आहे का एवढं पाहायचं. मग तो घोटभर ओततो. ही चव पसंतीसाठी नसते, वाइन खराब तर नाही ना हे पाहण्यासाठी असते. ग्लास फिरवून वास घ्या. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास आला तर बूच बिघडलंय. सांगा, बाटली बदलून देतात. वास ठीक असेल तर मान हलवा, बास. ‘मला आवडली नाही’ म्हणून परत करता येत नाही. बूच हुंगायचीही गरज नाही.

तुमच्यासाठी : क्रोदीनो हे कडवट-गोड, बिनदारूचं पेय जेवणाआधी घेतात. किनोत्तो हे कडू संत्र्याचं. पाणी बाटलीचंच येतं आणि त्याचे पैसे पडतात. ‘नातुराले’ साधं, ‘फ्रिझ्झान्ते’ बुडबुड्यांचं. दारू पूर्ण टाळत असाल तर लक्षात ठेवा की रिसोट्टोत पांढरी वाइन आणि झाबायोने या अंड्याच्या गोडात मार्साला ही गोड वाइन घालतातच, तिरामिसूतही पुष्कळदा मार्साला असते.

प्रश्न : ट्रफल शेव करून घ्यावं का? खूप ऐकलंय. (छत्रपती संभाजीनगर)

ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी. पांढरं ट्रफल पिएमोन्तेतल्या आल्बाचं, हंगाम साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. या काळात, पिएमोन्तेत, दोघांत मिळून एका ताटलीवर घ्या. ग्रॅमवर भाव असतो. किसण्याआधी आणि नंतर ट्रफल तोलतात, फरकाचे पैसे. एका ताटलीला ७ ते १० ग्रॅम पुरे. वाढपी किसत राहील, ‘बास्ता’ तुम्ही म्हणायचं असतं. ते साध्या लोणी-पास्त्यावर किंवा अंड्यावर घ्यावं, टोमॅटोवर अजिबात नाही. हंगामाबाहेर ‘ट्रफलचा’ म्हणून येणारा तीव्र वास बहुधा तेलाचा असतो, आणि ते तेल म्हणजे प्रयोगशाळेत केलेला सुगंध घातलेलं साधं तेल. त्याला जास्तीचे पैसे देऊ नका. मुंबईतल्या ट्रफल फ्राइजचंही तेच.

प्रश्न : मैत्रिणीला तिच्या पन्नाशीनिमित्त मी जेवायला नेणार आहे. ती किमती बघून स्वस्तातलंच मागवते. काय करू? (नागपूर)

टेबल राखतानाच सांगा की पाहुणीला किमती नसलेलं मेन्यूकार्ड द्या. जुन्या धाटणीच्या उंची रेस्टॉरंटांत अशी कार्डं असतात, नसतील तर बरेच जण छापून देतात. कार्ड येताच दोन महाग पदार्थांची नावं तुम्ही घ्या, म्हणजे तिला अंदाज येतो की इथवर चालेल. बिलासाठी पोचल्याबरोबर, टेबलावर बसायच्या आधी, काउंटरवर तुमचं बँक कार्ड देऊन ठेवा. शेवटी ‘मी देते, मी देते’ची ओढाताण तिथल्या तिथे मिटते.

प्रश्न : न्यू जर्सीत आम्ही नेहमी इटालियन खातो. इटलीत गेल्यावर काय वेगळं करावं लागेल? (एडिसन)

पाव तेल-व्हिनेगरात बुडवायला मिळणार नाही. तो जेवणासोबत हातानं तोडून खायचा, लोणी बहुधा येत नाही. स्पॅगेटीसाठी चमचा मागू नका आणि ती सुरीनं कापू नका. तीन-चारच धागे काट्यावर घेऊन ताटलीच्या कडेला फिरवा, जास्त घेतले की लोंबतात. माशाच्या पास्त्यावर चीज घालत नाहीत. कार्बोनारात क्रीम नसतं, फक्त अंडं, पेकोरीनो, मिरी आणि डुकराच्या गालाचं मांस. पिझ्झा उंची रेस्टॉरंटात बहुधा नसतोच, त्यासाठी पिझ्झेरिया वेगळा. जेवणानंतर कापुचीनो मागितली तर देतील, पण ती सकाळची. रात्री एस्प्रेसो, तीही गोड संपल्यावर, सोबत नव्हे.

प्रश्न : साडेसहाला जेवायची सवय आहे. कपड्यांचे काही नियम? (सातारा)

इटलीत साडेसातच्या आधी बहुतेक उंची ठिकाणी स्वयंपाकघर सुरूच होत नाही. त्याआधी आलात तर बारमध्ये बसा, पेयासोबत ऑलिव्ह आणि चिप्स येतात. अनेक रेस्टॉरंटं रविवारी रात्री किंवा सोमवारी बंद असतात, १५ ऑगस्टच्या आसपास तर आठवडेच्या आठवडे. टेबल राखताना कार्डाचा क्रमांक मागतात. २४ किंवा ४८ तास आधी न कळवता गेला नाहीत तर माणशी दंड कापतात, तो नियम आधी वाचा. पंधरा मिनिटांपेक्षा उशीर होणार असेल तर फोन करा. कपड्यांत हाफ पँट आणि चपला सोडून सगळं चालतं. साडी किंवा कुर्ता उत्तम.

प्रश्न : उरलेलं बांधून मागितलं तर वाईट दिसतं का? (सांगली)

पूर्वी दिसायचं, आता नाही. अर्धी राहिलेली वाइनची बाटलीही बूच लावून देतात. बिस्तेक्का, वांग्याचे पदार्थ, कोरडे गोड पदार्थ बांधून घ्या. कच्च्या माशाचं काही असेल ते तिथेच सोडा. तिरामिसूही सोडा, कच्च्या अंड्यामुळे हॉटेलच्या खोलीत रात्रभर टिकणार नाही. पास्ता पुन्हा गरम केला की लगदा होतो. रिसोट्टो मात्र, स्वयंपाकघर असलेल्या घरात उतरला असाल, तर जरूर न्या. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी तव्यावर लोणी घालून पातळ थापा आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी सात-आठ मिनिटं कुरकुरीत होऊ द्या. मिलानमध्ये हा पदार्थ रिझो अल साल्तो म्हणून मेन्यूवर पैसे घेऊन देतात.